तपासणीबाईची सही

लिफ्टचं दार मिटत होतं आणि एक माणूस त्यात खुशाल हात घालून उभा होता. "अहो, हात काढा," मी खेकसलेच. दार त्याच्या मनगटापाशी आलं, थबकलं आणि मागे सरलं. तो हसला.

"घाबरलात? या दाराचा प्रोग्राम मी लिहिलाय. माझं ऐकतं ते."

"मी तपासणीला आलेय. माझं ऐकतं का बघू."

तेव्हापासून मी 'तपासणीबाई' झाले. हॉस्पिटलची नवी इमारत, ओल्या रंगाचा वास, आणि तो – रोज दोन कप कॉफी घेऊन जिन्यात बसलेला. मी चुका सांगायचे, तो कपाळावरचे केस मागे सारत ऐकायचा. "चुका काढताना काय छान दिसता हो," म्हणायचा. मी लाजून चूर व्हायचे... आणि पुढची चूक सांगायचे. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. माझा जीव जडला होता त्याच्यावर. त्यानं एकदा तसं म्हणावं, एवढीच वाट बघत होते.

मग एक वाईट चूक सापडली. वीज जाऊन परत आली की पहिल्या वेळी, मध्ये काहीही असलं तरी, दार मिटतच राहायचं. मी धरलेली लाकडी पट्टी कडकन मोडली.

"उद्या उद्घाटन आहे गं," तो हळूच म्हणाला. "आज सही कर, आठवडाभरात दुरुस्त करतो. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. दारावर नाही."

"आपल्यात जे आहे, त्याचा तरी विचार कर."

"काय आहे आपल्यात? तू कधी बोललास?"

"आज बोलणार होतो..."

हेच ऐकायला मी आसुसले होते, आणि ते आलं ते असं, सहीच्या बदल्यात. इतकं वाईट वाटलं की धड रागावताही आलं नाही. मी सही केली नाही. उद्घाटन पुढे गेलं, त्याला चारचौघांत बोलणी बसली, जिन्यातली कॉफी बंद झाली.

दार मात्र त्यानं मनापासून दुरुस्त केलं. पुन्हा तपासलं तेव्हा एकही खोट निघाली नाही. आमच्या साहेबांनी कागद पुढे केला आणि सहीआधी सगळ्यांनाच विचारतात ते मलाही विचारलं, "बनवणाऱ्याशी काही नातं? असेल तर दुसरं कुणी सही करेल."

तो समोरच होता. मी त्याच्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ. तो एक शब्द जरी बोलला असता, तरी मी पेन खाली ठेवलं असतं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"नाही," मी म्हणाले, आणि सही केली.