अकरा क्रमांकाचा कुणी एक

फळ्यावर बारा अक्षरं होती, ‘ए’पासून ‘एल’पर्यंत. प्रत्येक अक्षरासमोर दोन खिळे, म्हणजे एकूण चोवीस. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या अठ्ठेचाळीस: शून्याच्या चौदा, एकच्या चौदा, दोनच्या नऊ, तीनच्या पाच, चारच्या तीन, पाचच्या दोन आणि सहाची एक. सहाची पाटी १९३८ नंतर एकदाही खिळ्यावर चढली नव्हती. नऊ पायऱ्यांची एक शिडी. एक टेलिफोन. आणि १९५१च्या फेब्रुवारीपासून या सगळ्याला मिळून एकच माणूस — ईशबेल रेनी, वय चोवीस.

त्याआधी दोन माणसं होती. पिटलोरी फुटबॉल क्लबच्या मैदानात मध्यंतर झालं की देशभरच्या बाकी सामन्यांचे आकडे टेलिफोनवरून यायचे. तिचे बाबा ते ऐकून मोठ्यानं सांगायचे आणि ईशबेल शिडीवरून पाट्या अडकवायची. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, ते लोकांच्या हातातल्या पत्रिकेत छापलेलं असे. बाबा गेल्यावर ती आकडे मनगटावर शाईनं लिहून घेऊन स्वतःच चढायला लागली. या कामाला पूर्वीपेक्षा तीन मिनिटं जास्त लागत. कुणी तक्रार केली नव्हती. खरं तर कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

आठवडाभर ती तागाच्या गिरणीत सुताच्या लडी वजन करायची आणि शनिवारी फळ्यामागच्या खोपटात बसायची. दोन-अडीच हजार माणसं हाकेच्या अंतरावर असायची, पण सगळी पाठमोरी. फटीतून तिला डावीकडचा कोपरा तेवढा दिसायचा. बाकीचा सामना ती कानानं बघायची. आपला गोल झाला की गर्जना वर जायची, समोरच्यांचा झाला की अडीच हजार माणसं एकदम खोकायची.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. पाऊस असा बारीक, की पडताना दिसत नव्हता, नुसता अंगाला लागत होता. दीड वाजता खोपटाच्या मागच्या दारावर थाप पडली. त्या दारानं कधी कुणी येत नसे.

दारात एक उंच तरुण उभा होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. भुवईवरचा पाण्याचा थेंब पडू की नको अशा विचारात.

“इथून आत यायला सांगितलंय,” तो म्हणाला.

“कुणी?”

“एका मिशीवाल्या गृहस्थांनी. पुढच्या फाटकानं आलास तर तंगडी मोडीन म्हणाले.”

म्हणजे क्लबचे चिटणीस, ऑख्टरलोनीसाहेब. ईशबेलला हसू आलं.

“चाचणीला आलात होय? नाव काय तुमचं?”

“तेही सांगायचं नाही म्हणून बजावलंय.”

ते तिला ठाऊक होतंच. चाचणीला आलेल्या खेळाडूला तीन सामने मिळत. तिसऱ्यानंतर एक तर सही, नाहीतर रामराम. आणि सही होईपर्यंत नाव अगदी गुप्त; कारण पोरगा चांगला निघाला आणि नाव फुटलं, की मोठ्या शहरांतल्या क्लबांची माणसं चौथ्या दिवशी त्याच्या दारात. म्हणून पत्रिकेत अकरा क्रमांकासमोर नुसतं ‘कुणी एक’ छापत.

“मग मी तुम्हाला हाक कशी मारायची?” ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे आपण काय बोललो!

“मारणार आहात?” त्यानं विचारलं. थेंब पडला. “मग मी जरा हळू पळेन.”

तो हळू पळाला नाही. डाव्या कोपऱ्यात, तिच्या फटीसमोर, तो चौदा वेळा आला. तिनं मोजलं. नवव्या वेळेला त्यानं फळ्याकडे बघून मान किंचित वाकवली... की पाऊस डोळ्यांत गेला म्हणून, ते ठरवता येईना.

सामना संपल्यावर तो त्याच दारानं बाहेर पडायला आला. हातात दोन गरम मटण-पाई.

“माझी बस पाच पंचविसला आहे,” तो म्हणाला. “आणि मला एकट्यानं खाता येत नाही. घास अडकतो.”

दोघं पायरीवर बसली. वरच्या दरीत धरणाचं काम चाललं होतं, तिथे डोंगराच्या पोटात तो बोगदा खणायचा. मूळचा ल्यूइस बेटावरचा.

“चारशे माणसं आहेत आमच्या छावणीत. दिवसभर यंत्रांच्या आवाजात ओरडतात आणि जेवताना कुणी एक शब्द बोलत नाही. इथे सही झाली तर गावात खोली घेईन म्हणतो. गिरणीत बॉयलरवर माणूस हवाय ना?”

“हवाय,” ईशबेल म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली. मग तिनं विषय बदलला. “डोनल्ड?”

“काय?”

“नाव. ओळखतेय.”

“नाही.”

“हेक्टर?”

“तो आमचा मेंढा. फार चावरा.”

“मग... मर्डो?”

“मर्डो माझा काका. तोही चावरा.”

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून तो मागे वळला, तिच्या कानाशी वाकला. “टॉर्कल. टॉर्कल मॅकॉले. तुझ्याजवळच ठेव.”

तिनं ठेवलं. पुढचा सामना बाहेरगावी होता, तिथे चाचणीवाल्याला नेत नसत. चौदा दिवस ते नाव तिच्याजवळ होतं, पेपरमिंटची गोळी जिभेखाली धरावी तसं. लडी वजन करताना, किटली ठेवताना, स्वयंपाकघरातल्या भिंतीला एकदा हळूच सांगून पाहिलं. भिंत ती भिंत.

दुसऱ्या सामन्याला त्यानं पूर्वार्धातच गोल केला. गर्जना इतकी उंच गेली की खोपटाचा पत्रा थरथरला. मध्यंतरात ईशबेल शिडीवर होती, मनगटावर बारा सामने, हातात एकची पाटी. खाली चांगल्या लोकरी कोटातला एक अनोळखी माणूस येऊन थांबला.

“काय गं पोरी, तो अकरा क्रमांकवाला... मॅक्डॉनल्ड ना तो? गोदीत हमाली करतो म्हणे. आजचा गोल आपला नशिबानं झाला.”

“मॅक्डॉनल्ड नाही!” ती वरूनच म्हणाली. “टॉर्कल मॅकॉले. आणि गोदीत नाही, धरणावर आहे. आणि नशिबानं वगैरे काही नाही, बावीस यार्डांवरून मारलाय त्यानं!”

“असं होय,” तो माणूस म्हणाला. त्यानं टोपीला हात लावला आणि निघून गेला.

ईशबेल शिडीच्या सातव्या पायरीवर तशीच उभी राहिली. खालून कुणीतरी ओरडलं, “अगं ए, ‘सी’ला चार गोल कधी झाले?” तिच्या हातात एक होता आणि तिनं खिळ्यावर चार लावले होते.

त्या संध्याकाळी ती टॉर्कलला सांगणार होती. पण तो इतका खूश होता, गिरणीच्या बॉयलरबद्दल इतकं विचारत होता... तिनं सांगितलं नाही. बस पाच पंचविसला गेली.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तो गिरणीच्या फाटकाशी उभा. अंगावर ठेवणीतले कपडे, हातात पेटी.

“सोमवारी एक माणूस छावणीत आला,” तो म्हणाला. “लोकरी कोटवाला. ग्लासगोचा मोठा क्लब. मी सही केली, ईशबेल. बोगद्यातल्या माणसाला असं कुणी दोनदा विचारत नाही.”

“बरं केलंस.”

“तो माझं नाव घेऊन आला होता. पूर्ण नाव.” तो तिच्याकडे बघत नव्हता, पेटीच्या कडीकडे बघत होता. “मी ते इथे चिटणीस सोडून एकाच माणसाला सांगितलं होतं. कंटाळा आला होता का माझा? तसं सरळ सांगायचं होतंस. मी गेलो असतो आपल्या पायांनी.”

“नाही रे... तो तुला मॅक्डॉनल्ड म्हणाला. हमाल म्हणाला.”

“मग? मला काय काय म्हणतात लोक.”

“आणि... चौदा दिवस मी ते नाव भिंतींना सांगत होते. एकदा तरी कुणा जिवंत माणसासमोर मोठ्यानं म्हणायचं होतं मला. एकदाच. ते नेमकं त्याच्यासमोर निघालं.”

आता त्यानं वर बघितलं.

“वेडी आहेस,” तो म्हणाला. “आणि हे तू आज सांगतेस. सही झाल्यावर.”

“त्याआधी विचारलंस कुठे?”

“शनिवारी ये ग्लासगोला.”

“शनिवारी फळा. संघ बाहेरगावी गेला तरी राखीव पोरांचा सामना इथे असतोच.”

“मग रविवारी.”

“रविवारी आमच्या फाट्यावर गाडी नसते. आणि असती तरी तुझ्या आईला कळलं तर? तुमच्या बेटावर रविवारचा प्रवास म्हणजे पाप ना?”

“जीव देईल ती. बरं, सोमवार ते शुक्रवार?”

“गिरणी.”

“म्हणजे आपल्याला आठवा वार शोधायला हवा,” तो म्हणाला. दोघंही हसली, आणि हसणं अर्ध्यातच थांबलं. भोंगा वाजला. गिरणीचा भोंगा बारा सेकंद वाजतो. तेवढा वेळ त्यानं तिचा हात सोडला नाही.

ऑख्टरलोनीसाहेब शनिवारी मिशीची टोकं चावत खोपटात आले. “कुणी फोडलं? एकदा कळू दे, सोलून काढतो!”

“मी,” ईशबेल म्हणाली.

ते बाकावर मटकन बसले. “तुझ्या बाबांनी तीस वर्षांत एक नाव फोडलं नव्हतं गं.”

“माहीत आहे.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. सोलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग हिवाळा. समुद्रावरून धुकं यायचं आणि फळ्याची वरची ओळ गिळून टाकायचं. टॉर्कलचा क्लब कधी ‘बी’ला असायचा, कधी ‘एफ’ला. टेलिफोनवरचा माणूस आकडा सांगायचा. गोल कुणी केला ते कधीच नाही. ती दोनची पाटी हातात घेऊन क्षणभर थांबायची. यातला एक त्याचा असेल का? मग अडकवायची. खाली अडीच हजार पाठी.

पत्रं यायची, लहान लहान. ‘घरमालकीण बरी आहे पण बहिरी. जेवणाच्या टेबलावर ती, आणखी एक भाडेकरू आणि मी, तिघंही गप्प.’ जानेवारीत एक आलं: ‘काल चाळीस हजार माणसं माझं नाव ओरडली. एकालाही ते नीट म्हणता येत नाही.’

ते पत्र तिनं खूप वेळा वाचलं. मार्चच्या पहिल्या सोमवारी ती चिटणीसांच्या घरी गेली.

“येत्या शनिवारी मी येणार नाही, साहेब.”

“आणि फळा?”

“फळा तुम्ही बघा.”

“मी? एकसष्टाव्या वर्षी शिडीवर?”

“मी आजारी पडले की बाबा अडुसष्टाव्या वर्षीही चढायचे.”

“रेनींच्या घरातलं कुणी फळ्यावर नाही असा शनिवार या मैदानानं बघितलेला नाही, पोरी.”

“मग बघेल,” ती म्हणाली. हात तिनं कोटाच्या खिशात घातले.

ऑख्टरलोनीसाहेबांनी मिशीचं टोक चावलं. “त्याला सांग,” ते म्हणाले, “आमच्या अकरा क्रमांकाला अजून माणूस मिळालेला नाही.”

त्याच दिवशी तिनं ग्लासगोला चार ओळींचं पत्र टाकलं. सामना तीन वाजता होता. खेळाडूंना दीडला मैदानावर हजर राहावं लागे.

शनिवारी तिची गाडी ग्लासगोच्या स्टेशनात अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी शिरली, वेळापत्रकाच्या चार मिनिटं आधी. टॉर्कल फलाटावर उभा होता. दोघांकडे एक तास बत्तीस मिनिटं होती.