बारा शब्दांची किल्ली

गोठ्यातून घरघर ऐकू आली तेव्हा इवदिता कुबदारीचं, मांस भरलेल्या रोटीचं, पीठ मळत होती. सकाळचे नऊ वाजले होते. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावली.

गोठ्यात तिच्या मुलाची, जान्सुगची, इंटरनेटवरची आभासी नाणी खणणारी आठ यंत्रं होती. लाख्रा गावात घरोघरी तीच होती. त्यांच्या भारानं गावाच्या विजेच्या तारा जळायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी चर्चमध्ये संत गिओर्गीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली, यंत्रं बंद. इथला, डोंगराळ स्वानेतीतला माणूस कोर्टात एकवेळ खोटं बोलेल, तसबिरीपुढे नाही. इवदितानं प्लग स्वतःच्या हातानं उपटले होते. त्याच दुपारी जान्सुग गुरांमागे वर गेला आणि बर्फाचा कडा कोसळला. आज चौथा दिवस. दुपारपर्यंत सापडला नाही तर शोध थांबवायचं गावानं ठरवलं होतं.

गोठ्याच्या दारात, घरघर ऐकून आलेला गावचा वायरमन मुर्झाकान उभा होता.

"वा, मास्तरीणबाई! पोरगा बर्फाखाली, आणि तुमचा धंदा चालूच? शपथेची तरी लाज बाळगा!"

"जिभेला हाड आहे का तुझ्या? प्लग बघ आधी."

आठही प्लग जमिनीवर पडले होते. पंखे मात्र गरगरत होते. मुर्झाकाननं एका यंत्राला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम आहे," तो पुटपुटला.

इवदितानं जान्सुगचा लॅपटॉप उघडला. आजच्या तारखेची नोंद होती, आठ चाळीसची. जान्सुगच्या खात्यातून तिच्या खात्यात, चिमूटभर नाणं.

"कुणाचा तरी चावटपणा असेल," मुर्झाकान म्हणाला.

"कसा करेल?" इवदितानं तीस वर्षं गणित शिकवलं होतं. "या नाण्यांच्या हिशेबाची वही जगभर हजारो ठिकाणी एकसारखी आहे. नवं पान जोडायला सगळी यंत्रं अंदाजानं एक आकडा शोधत बसतात. ज्याला आधी सापडला त्याचं पान, त्यालाच नाणी. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा शिक्का. मागचं एक अक्षर बदललंस, की पुढचे सगळे शिक्के चुकतात. आणि जान्सुगचं नाणं हलवायला त्याची किल्ली लागते, बारा शब्दांची. ते शब्द त्यानं कागदावरसुद्धा उतरवले नाहीत. फक्त डोक्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे डोकं जिवंत आहे, मेल्या! पळ, सांग त्यांना!"

तो धडपडत पळाला. शोध घेणारी माणसं पुन्हा वर चढली.

इवदिता यंत्रांपाशी बसून राहिली. गरम पत्र्यावर तळवा ठेवून मनात एकच घोकत होती, थांबू नका रे बाबांनो, थांबू नका.

दुपारी दोनला यंत्रं थांबली, गोठा एकदम गप्प झाला.

ती एकेका यंत्रावर थापा मारत सुटली.

मग फोन वाजला. मुर्झाकान रडत होता की हसत, कळेना. "सापडला! मेंढपाळाच्या झोपडीत, कोसळलेल्या छपराखाली! जिवंत आहे, बाई!"

संध्याकाळी जान्सुग चुलीशेजारी घोंगड्यांत गुंडाळून पडला होता. इवदितानं त्याला सूप भरवलं, दहादा त्याचे गाल कुरवाळले.

"फोन कुठून लागला रे तुला तिथून?"

"फोन? तो पहिल्याच दिवशी नदीत गेला."

"मग नाणं कसं पाठवलंस?"

"कसलं नाणं?" त्यानं डोळे मिटले. "मला झोप लागली असती तर मेलोच असतो. तुझा आवाज सारखा कानाशी होता, तू लागू दिली नाहीस. बारा शब्द म्हण, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. चार दिवस तोंड मिटलं नाहीस, आई."

इवदितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत्तापर्यंत नीट बोलणाऱ्या तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. दिवसचे दिवस अखंड बोलल्यावर बसतो, तसा तिचा घसा पार बसला होता.