दोनशे बारा वेळा

अब्रारची नि माझी पहिली भेट भांडणातच झाली. घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रात आम्हा बारावीच्या पोरापोरींना कॉम्प्युटरवर बसवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी या पठ्ठ्याने कूलर लावायला माझ्याच मशीनचा प्लग उपटला!

"दिसत नाही काय बे?"

"दिसते ना," तो हसला, "म्हणून तं गडबड झाली..."

असं कोणी बोलतं का?

काम सोपं. शेतकऱ्याचं नाव टाकायचं, सर्व्हरने त्याची नोंद शोधून द्यायची, की निघाली पावती. पण एकेक नाव यायला दोन-दोन मिनिटं! बाहेर कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत. सर्व्हर तपासणं अब्रारकडे. तो रोज सांगे, "सर, सेकंदात नाव येते." आणि रांगेतले शेतकरी वामनरावकाका खिडकीतून ओरडत, "मंग माहं काहून येत नाही रे, बाप्पा?"

शेवटी केंद्र सांभाळणारे घनश्याम सर वैतागले. "आज चारपर्यंत वेग आला नाही, तर उद्यापासून रजिस्टर. तुम्ही पोरं घरी."

घरी! म्हणजे उद्यापासून शेजारच्या खुर्चीत अब्रार नाही...

मी सर्व्हरचा लॉग उघडला. कोणी, कधी, कोणतं नाव शोधलं, सगळं त्यात असतं. शोधलेलं नाव सर्व्हर मेमरीत जपून ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. तेच नाव पुन्हा विचारलं की डिस्क धुंडाळायची गरज नाही. आमची कॅश केवढी? वीस नावांची. शेतकरी चाळीस हजार!

मग अब्रारची तपासणी पाहिली. सर्व्हरच्या यादीत शेतकऱ्यांसोबत आम्हा ऑपरेटरांचीही नावं होती. अब्रारने रोज एकच नाव शोधलं होतं. आजवर दोनशे बारा वेळा.

मेहनाज अय्यूब शेख.

मी!

"हे... काय हाय?"

त्याचे कान लालभडक. "तपासाले कोणतं तरी नाव लागते ना..."

"दोनशे बारा वेळा?"

"पहिल्यांदा तपासालेच टाकलं. मंग—"

"येड्या! माहं नाव कॅशमधून हललंच नाही, म्हणून तुले लवकर दिसे. काकाचं कसं दिसन?"

"सापडली चूक?" सर मागेच उभे! "कोणतं नाव टाकत होता रे?"

मी मनात म्हटलं, सांग ना काहीतरी खोटं... वामनराव सांग, कोणीही सांग!

अब्रार उठून उभा राहिला. "मेहनाजचं, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी कॅश वाढवा," एवढंच म्हणाले.

मी कॅश वाढवली, डिस्कवरची सगळी यादी एकाच फेरीत उचलून तिच्यात भरून घेतली. साडेतीनला काकांचं नाव टाकलं, पापणी लवायच्या आत हजर!

"आलं वं माय!" काका खिडकीत नाचायचेच बाकी होते. रांग हलली. रजिस्टर कपाटातच राहिलं.

अब्रार मात्र मान खाली घालून. मी त्याच्याकडे न बघता टाइप करत राहिले. अब्रार इम्तियाज खान. एंटर. अब्रार इम्तियाज खान. एंटर...

त्याने हळूच वाकून स्क्रीन पाहिला. "काय... काय करून राह्यली?"

"तपासून राह्यली. दोनशे तेरा होईपर्यंत बोलू नको."