घराचा फेटा

अठ्ठावन्न साली म्हसा गावच्या जत्रेत मी बैलांच्या दोरांच्या दुकानाशी उभा होतो. मागून कोणीतरी माझ्या डोक्यावरचा फेटा उचलला. वळलो तर एक मुलगी. फेटा तिच्या हातात, आणि चेहऱ्यावर हसू नाही.

"ओ लडकू मिस्त्री, वळखलंत का?"

ओळखलं. सापगावच्या रघूकाकांची देवकी. त्यांचं नवं घर मागच्या वैशाखात मीच बांधलं होतं. तेव्हा ती पाण्याचा तांब्या ठेवून जायची... वर बघायची नाही.

"हा आमच्या घराचा फेटा ना?"

"हाय की."

आमच्याकडे घर पुरं झालं की घरधनी कारागिराला फेटा बांधतो. काम चोख झालं, असं त्याने चारचौघांत सांगितलं, असा त्याचा अर्थ.

देवकीने पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर पिवळं पीठ माझ्या तळहातावर ओतलं.

"हे पीठ नाय. तुमचे वासे हायेत. रोज आमच्या भातात पडतात. बाबा गप बसलाय, मी नाय बसणार."

बांबूला भुंगा लागला होता. बांबू अमावास्येच्या सुमाराला तोडायचा, चांदण्यात तोडला तर कीड लागते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. मलाही होतं. पण पाऊस तोंडावर आला होता, दोन घरांची कामं घेतली होती... तोडला चांदण्यात.

"घर नीट होईतोवर फेटा माझ्यापाशी."

"आणि मी बोडका फिरू?"

"फिरा की! लोक इचारतील, सांगा त्यांना."

"आज पुनव हाय. अमाशेला बांबू तोडीन, तवा येईन. तुमी घाई नका करू."

"घाई मी नाय केली, मिस्त्री. तुमी केली."

मी आठ दिवसांतच सापगावला गेलो. बांबू नव्हते.

"माप घ्यायला आलो," म्हटलं.

"मागच्या साली काय घेतलं व्हतं?"

"इसरलो."

ती तोंडाला पदर लावून आत गेली. खांदे हलत होते.

अमावास्येनंतर काम सुरू केलं. चार दिवसांचं काम मी नऊ दिवस पुरवलं. ती खालून कौलं द्यायची, मी वर घ्यायचो. एकदा तिने कौल सोडलंच नाही.

"सोड ना..."

"नीट धरा आधी. तुमच्या हातचा काय भरवसा!"

दहाव्या दिवशी फेटा बांधायची वेळ आली. रघूकाका म्हणाले, "जिनं काढला, तिलाच बांधू दे."

"वाका," ती म्हणाली. मी वाकलो. तिच्या बांगड्या कानाशी वाजत होत्या.

"आता पुढचं घर कुणाचं?" तिने हळूच विचारलं.

"माझं... तू येत असशील तर."

तिने फेट्याचा पेच जरा जास्तच आवळला.

"त्यात पीठ पडता कामा नये."

हाच तिचा होकार.

पुढच्या साली लग्न ठरलं. मुरबाडजवळ आमच्या गावी मी घर बांधायला काढलं. त्यासाठी अमावास्येचे बांबू तोडून ठेवले होते. तेवढ्यात मुरबाडचा एक दुकानदार गोदामासाठी मागे लागला. मी ते त्याला दिले, आणि आमच्या घराला पुनवेला तोडलेले घातले. गिऱ्हाईक थांबत नाही, आपलं माणूस थांबतं, असं वाटलं मला.

पहिल्याच पावसाळ्यात पीठ पडलं. देवकीने ताट माझ्यासमोर धरलं, मग माझ्या डोक्यावरचा फेटा काढून पेटीत ठेवला.

"आपल्या घराचा अजून मिळाला नाय तुमाला," ती हसत म्हणाली.

"येत्या अमाशेला बदलतो."

तीन वर्षं मी हेच सांगत राहिलो. दर अमावास्येला कोणाचं तरी घर असायचं. ती भातावर ताट झाकायला शिकली. हसणं मात्र कमी झालं, ते मला दिसलं नाही.

बासष्टच्या भादव्यात तिला ताप आला. चौथ्या दिवशी गोधडीवर पीठ सांडलं होतं. ते तिने चिमटीत धरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"लडकू मिस्त्री," ती म्हणाली. लग्नानंतर तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

"येत्या अमाशेला... नक्की."

"बघा हं."

अमावास्या सहा दिवसांवर होती. देवकी दोन दिवसांत गेली.

सुतकात कोणी कोयता धरत नाही. मी धरला. लोक बोलले, बोलू दिलं. अमावास्येला बांबू तोडले आणि सगळे वासे एकट्याने बदलले. कौलं द्यायला खाली कोणी नव्हतं, दर कौलाला उतरलो.

आता भात स्वच्छ असतो. ताट झाकावं लागत नाही.

फेटा पेटीत आहे. तिने कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला. एकदा बाहेर काढला, डोक्यापर्यंत नेला आणि परत ठेवला. घराचा फेटा कारागिराने आपल्या हाताने बांधायचा नसतो.