शेवट न वाचणारा वाचक

निनाद आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आला तो पुस्तकासाठी नव्हे, कूलरसाठी. मे महिन्यातली दुपार, बाहेर लू सुटलेली, आणि याची बाईक नेमकी तिलक नगरातल्या आमच्या गल्लीत बंद पडलेली.

"मॅडम, पाच मिनिटं… बसू का?"

"नुसतं बसता येत नाही. पुस्तक घ्यावं लागतं."

खरं तर बसता येतं. पण मला भाव खायची जुनी सवय! त्याने हाताला लागली ती कादंबरी उचलली. तीस वर्षांपूर्वी भुसावळहून इकडे हिंदी मुलखात बदलून आलेल्या रेल्वेवाल्याचा हा मुलगा, स्वतःही रेल्वेतच. मराठी वाचायचा सावकाश, ओळीखाली बोट धरून.

उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा एक नियम असतो. पुस्तक परत करताना सुट्टीत सतरंजीवर जमणाऱ्या मुलांना त्याची गोष्ट सांगायची, तरच दुसरं मिळतं. आठ दिवसांनी निनाद सांगायला बसला. "मतलब… मतलब" करत अडखळला, पण मुलं हातातलं पन्हं विसरली. शेवटी घर सोडून निघालेली नायिका वाटेतून परत फिरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुस्तकात ती परत येत नाही. तरी मी त्याला दुसरं पुस्तक दिलं.

पुढच्या दोन पुस्तकांतही तेच झालं. जाणारं माणूस दर वेळी थांबायचंच.

"अर्धंच वाचता ना तुम्ही?" एकदा मी विचारलंच.

"पाऊण," तो म्हणाला. "कोणी जाणार असं वाटलं की बंद करतो. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलोय, वल्लरीजी. दर जूनमध्ये एक मित्र जायचा. निरोप देऊन देऊन… बस, कंटाळलो."

मी हसले, पण आतून हलले. बाबांच्या विमा कंपनीतून बदलीची ऑर्डर आली होती. वीस जूनला भोपाळ. हे माझं सहावं शहर. आम्ही बदलीवाल्यांच्या मुली शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधीच लांब होतात. आणि निनाद लांब झालेला मला चालणार नव्हता. त्या दुपारी मला कळलं, आपलं काही खरं नाही.

घोळ वसंतरावांनी घातला. ते मंडळाचे अध्यक्ष. सगळ्यांसमोर म्हणाले, "वल्लरी वीसला चालली. वाचनालय कोण सांभाळणार?"

निनाद कोपऱ्यात होता. तसाच निघून गेला.

चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि सरळ सतरंजीवर बसला. या गोष्टीत मुलगी निघून गेली. मुलं चिडली.

"खरंच असं आहे पुस्तकात?" त्यातल्या एकीने विचारलं.

"हो. या वेळी पूर्ण वाचलं," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मग तो माझ्या टेबलाशी आला. "सांगायचं होतं ना मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचं बंद केलं असतं. पाऊण झालं की बंद…"

त्याचा चेहरा उतरला. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"तुम्ही आवडता मला," तो हळूच म्हणाला. "पुस्तक आणि तुम्ही… एक नाही."

मला बोलायचं होतं. शेवटी एवढंच जमलं, "मलाही… तुम्हीच. पण स्टेशनवर नका येऊ. तुम्हाला त्रास होईल."

वीसला तो आला. पाठीला सॅक. आई-बाबा सामान लावत होते, मी खिडकीशी. मला वाटलं, गाडी हलायच्या आधी हा वळून जाईल. गाडी हलली, तो फलाटावर दिसेना, आणि माझे डोळे भरून आले.

"वल्लरीजी, जरा सरका."

निनाद बोगीत उभा होता! हातात रेल्वेचा पास.

"कुठवर?" मी कसंबसं विचारलं.

"भोपाळ. रजा टाकलीय." मग तो बाबांकडे वळला. कान लाल झाले होते. "नमस्कार काका. मी निनाद. मला तुमच्याशी बोलायचंय… वल्लरीबद्दल."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत काय दिसायचं ते दिसलंच असणार. त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ते म्हणाले. "भोपाळ लांब आहे."