खांद्यावरचा हात

खोटं वाटत असेल तर मोशीत जाऊन भैरू बोराटेला विचारा. तो काही सांगणार नाही, उठून चालू लागेल. त्यावरूनच काय ते ओळखा.

भैरू माझ्या बरोबरीचा. लष्करात होता, पण साध्यासुध्या पलटणीत नव्हे. बोटीतून अंधारात कमरेएवढ्या समुद्रात उतरायचं आणि शत्रूचा किनारा धरायचा, हे त्यांचं काम. उतरताना बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही. शेवटच्या गड्यानं पुढच्याचा खांदा दोनदा दाबायचा, त्यानं त्याच्या पुढच्याचा. खूण पार पुढं पोचली की सगळे उतरले असं समजायचं. मगच रांग हलायची.

एकदा सरावात मागून खूण आली नव्हती, तरी भैरूनं घाईत ती पुढं दिली. त्याच्या मागचा केरळचा पोरगा समुद्रातच राहिला, सापडलाच नाही. भैरूनं हे एकट्या मला सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून गडी महासंशयी झाला. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचतो.

तर दोन हजार चोवीसची पंचवीस जुलै. गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा. धरणाचं पाणी सोडलेलं, इंद्रायणी फुगलेली, लाइट गेलेली. भैरूची चुलती कौशल्याबाई नदीकडच्या घरात एकटी अडकली होती. तिला आणायला भैरू आणि त्याचा भाचा ओंकार गेले. ओंकार चाकणच्या कंपनीतली सेकंड शिफ्ट टाकून आलेला.

घराच्या दारातच पाणी मांडीला लागत होतं. भैरू म्हणाला, "मी म्होरं, काकी मधी, वंकार शेवटाला. तू काकीचा खांदा दाब, काकी माझा दाबंल. खूण आल्याबिगर मी हालत न्हाई. आन् माघारी बघायचं न्हाई, तोल जातो."

"व्हय मामा."

जरा वेळानं खूण आली. भैरू निघाला. दर दहा पावलांवर थांबायचा, खांदा दोनदा दाबला जायचा, मग पुढं. निम्म्या वाटेवर त्याच्या मनात शंका आली. ओंकारसारखं बडबडं पोरगं इतका वेळ गप्प कसं?

"काकी, वंकार हाय न्हवं मागं?"

"हाय की. पर हात किती गार हाय मेल्याचा..."

भैरू वळणार होता. वळला नाही. खांदा पुन्हा दाबला गेला.

दोनदा.

रस्त्यावर चढले. भैरूनं बॅटरी मारली. काकी होती. तिच्या मागं पाणी. नुसतं पाणी...

खिशातला फोन वाजला. ओंकारचा.

"मामा, कुठं गेलासा? मी काकीच्या गोळ्या आणाया माडीवर गेलतो... खुणेबिगर हालणार न्हाई म्हनला व्हतासा की! पाणी जिन्यात आलंय, मामा..."

कौशल्याबाईनं आपला खांदा चाचपून पाहिला.

भैरू परत पाण्यात शिरला. आता छातीला लागत होतं. ओंकार सापडला, जिन्याच्या वरच्या पायरीवर, रडत. येताना भैरूनं त्याला पुढं घातलं. स्वतः शेवटाला राहिला.

मधेच तो थांबला. ओंकारला कळेना का. मग मामा मागं कोणाला तरी अगदी हळू म्हणाला,

"चल, बाबा. चल."

ओंकारनं मागं पाहिलं नाही.

तिघं भैरूच्या घरी आले तेव्हा साडेबारा झाले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, दाराला भैरूनंच घातलेलं कुलूप. ओसरीच्या फरशीवर बुटांचे ओले ठसे होते. तिघंही अनवाणी. ठसे दारापर्यंत गेलेले.

भैरूनं कुलूप काढलं.

ठसे आतही होते. त्यांत रेती होती, पांढरी, शिंपल्यांचा चुरा असलेली. आपल्या इंद्रायणीला काळा गाळ असतो, तुम्ही बघितलाय.

ते थेट भैरूच्या खाटेपाशी गेले होते. परत फिरलेला एकही नव्हता.