जिन्याखालची कडी

हळू बोलू या, वर आई आहे.

काम तसं साधंच होतं. जिन्याखाली संडास-बाथरूम काढायचं. आईचे गुडघे कामातून गेलेले आणि घरातलं एकुलतं एक बाथरूम वरच्या मजल्यावर. ती कठड्याला लटकत एकेक पायरी चढायची, मी खाली जीव मुठीत धरून उभा. एकदा घसरली, थोडक्यात वाचली. मी घर बदलायच्या गोष्टी करू लागलो, तर तीच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही जिन्याखालची जागा काय शोभेला ठेवलीय?"

आम्ही घर घेतलं तेव्हापासून ती जागा फळ्या ठोकून बंद होती. मिस्त्रीने खिळे उपटले, तर फळ्यांमागे एक बुटकं दार निघालं. ढकललं तर उघडेना. शेवटी पहार घातली. दार निखळलं आणि मिस्त्री त्याच्या आतल्या बाजूकडे बघतच राहिला.

"दादा... कडी आतून लावलेली होती."

आत कोणी नव्हतं. खिडकी नाही, दुसरी वाट नाही. ओल्या चुन्याचा थंडगार वास तेवढा बाहेर आला. मला घाम फुटला, पण आईसमोर हसून म्हणालो, "उंदरांनी लावली असेल."

"मग उंदीर तुझ्यापेक्षा बरे. तू मेला कधी दार लावत नाहीस," आई म्हणाली.

काम नीट झालं. उतरत्या छताच्या बुटक्या बाजूला कमोड, उंच बाजूला शॉवर, धरायला दांडी. नव्या दाराला मिस्त्रीने आतून कडी बसवलीच नाही. म्हातारं माणूस आत पडलं तर दार फोडत बसायला नको, ही त्याची नेहमीची रीत. मलाही पटलं.

दुपारी आई पहिल्यांदा आत गेली. गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा वास तिच्यामागे रेंगाळत होता. मी बाहेर स्टूल टाकून बसलो. तिने दार लोटून घेतलं आणि आत कडी सरकली. खर्रर्र... खट.

मी स्टूल दाराजवळ ओढलं. "आई?"

पाणी पडत होतं. मग थांबलं.

"आई... बरी आहेस ना?"

"आले..."

पुन्हा कडी सरकली. आई बाहेर आली, ओले केस तोंडावर आलेले. माझा जीव भांड्यात पडला. हात द्यायला उठलो, तर ती माझ्याकडे न बघता जिना चढू लागली. कठडा न धरता, भराभर. तिच्या अंगाला ओल्या चुन्याचा वास होता.

मागे बाथरूमचं दार आपोआप लागलं. खर्रर्र... खट.

"बाळा..." आतून आईचा रडवेला आवाज आला. "दार उघड रे... इथे फार अंधार आहे..."

मी दाराला खांदा मारला, लाथा घातल्या. दार हलेना.

"कुणाशी बोलतोयस रे?" वरून आईनेच विचारलं.

शेवटी पहारीने दार फोडलं. आत कोणी नव्हतं. दाराला कडीही नव्हती. मलमाचा वास मात्र भरून राहिला होता.

वरची आई हल्ली धावत जिने चढते. लोक म्हणतात, नशीब काढलंस. मी मान डोलावतो. आणि तिची पाठ वळली की मलमाची डबी जिन्याखाली, आत अंधारात ठेवून येतो. गुडघे फार दुखत असतील तिचे.

सकाळी डबी उघडून बघतो. मलमावर रोज बोट फिरवलेलं असतं.